मत नव्हतं, सही होती: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या सुधारणा चळवळी

९ फेब्रुवारी १८६४. वॉशिंग्टनमध्ये सिनेटचं कामकाज चालू असताना दोन उंचेपुरे कृष्णवर्णीय पुरुष कागदांची जाडजूड भेंडोळी घेऊन सभागृहात आले आणि मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांच्या मेजावर त्यांनी ती ठेवली. त्या भेंडोळ्यांत एक लाख माणसांच्या सह्या होत्या. मागणी एकच: देशातली गुलामगिरी कायद्यानं संपवा. सह्या करणाऱ्यांत जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रिया होत्या आणि त्यांच्यापैकी एकीलाही मताचा अधिकार नव्हता.

अमेरिकेतली गुलामगिरी लिंकननं संपवली, हे आपण शाळेत एका वाक्यात शिकतो. ते खोटं नाही, पण फार अपुरं आहे. लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या तीस वर्षं आधीपासून साधीसुधी माणसं दारोदार फिरून, छापखाने चालवून, प्रसंगी मार खाऊन हा प्रश्न पेटता ठेवत होती. त्यातलीच बरीच माणसं त्याच काळात दारूबंदी, स्त्रियांचे हक्क, तुरुंग, मनोरुग्णांचे हाल, सरकारी शाळा, गिरण्यांतले कामाचे तास अशा प्रश्नांनाही भिडत होती. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन सुधारणा चळवळी म्हणजे हा सगळा एकमेकांत अडकलेला गुंता. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की ज्यांच्या हाती सत्ता नव्हती, मत नव्हतं, कित्येकदा स्वतःची मालमत्ताही नव्हती, त्यांनी कायदा बदलायला लावला. ते कसं घडलं आणि त्यात कोण मागे राहिलं, ते इथे सांगतो.

इतक्या चळवळी एकदम का?

१८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला. हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंत ३६३ मैल लांब. त्याच्या काठची रॉचेस्टरसारखी वस्ती बघता बघता पिठाच्या गिरण्यांचं शहर झाली. मजूर आले, घरदार मागे टाकून आलेली तरुण पोरं आली, पैसा आला, दारूचे गुत्ते आले. १८३० च्या शरद ऋतूत चार्ल्स फिनी नावाचे धर्मोपदेशक रॉचेस्टरला आले आणि पुढचा अख्खा हिवाळा तिथे प्रवचनं देत राहिले. जुनी कॅल्व्हिनपंथी शिकवण अशी होती, की कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवानं आधीच ठरवून ठेवलं आहे. फिनी सांगत, पाप सोडणं तुमच्या हातात आहे, आणि सोडायचं तर आजच सोडा.

हे बोलणं देवळापुरतं राहिलं नाही. पाप माणसाच्या हातून घडतं आणि माणसालाच ते थांबवता येतं, असं एकदा मनोमन पटलं की शेजारची दारू किंवा दक्षिणेतली गुलामगिरी हा कुणाच्या नशिबाचा भाग राहत नाही. ती आपली जबाबदारी होते. आणि पाप हप्त्याहप्त्यानं सोडता येत नाही, म्हणून गुलामगिरीही हळूहळू, सवडीनं संपवू म्हणणं पटेनासं होतं. १८३० नंतरच्या चळवळी इतक्या हट्टी का होत्या, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

जोडीला वाफेवर चालणारी छपाईयंत्रं आली, कागद स्वस्त झाला, टपाल दूरवर पोहोचू लागलं. चर्चच्या महिला मंडळांत बायका सभा बोलवायला, वर्गणी गोळा करायला, हिशेब आणि इतिवृत्त लिहायला शिकल्या. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण पुढची सगळी इमारत या कारकुनी सवयींवर उभी राहिली.

पहिली मोठी लाट दारूविरुद्ध उठली. १८३० च्या सुमारास पंधरा वर्षांवरच्या अमेरिकन माणसामागे वर्षाला सरासरी सात गॅलन शुद्ध अल्कोहोल संपत होतं, म्हणजे आजच्या जवळजवळ तिप्पट. कारण अगदी व्यवहाराचं होतं. अ‍ॅपलाचियन डोंगरापलीकडचा मका पूर्वेच्या बाजारात आणायचा तर वाहतुकीचा खर्च परवडत नसे. त्याच मक्याची व्हिस्की केली की माल कमी आणि पैसा जास्त. त्यामुळे व्हिस्की स्वस्त, आणि शेतात, जहाजावर, कारखान्यात कामाच्या वेळीच ती दिली जायची. आता यात तेव्हाचा कायदा मिसळून बघा. लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची, तिची चीजवस्तू नवऱ्याची, मुलांचा ताबाही नवऱ्याचा. नवरा दारुडा निघाला तर तिनं दाद मागायची कुठे? दारूबंदीकडे आज आपण सोवळेपणाची चळवळ म्हणून बघतो. त्या बायकांच्या दृष्टीनं तो भाकरीचा आणि पाठीवरच्या वळांचा प्रश्न होता. १८२६ मध्ये बोस्टनला अमेरिकन टेम्परन्स सोसायटी निघाली आणि दहा वर्षांत लाखो लोकांनी दारू सोडण्याच्या शपथेवर सह्या केल्या. १८५१ मध्ये मेन राज्यानं दारू बनवण्या-विकण्यावर बंदीच घातली.

अर्ज नावाचं हत्यार

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत भाषणस्वातंत्र्याबरोबर आणखी एक हक्क आहे, ज्याची चर्चा कमी होते: सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा, म्हणजे अर्ज करण्याचा. तो मतदारांना दिलेला नाही, लोकांना दिलेला आहे. ही फट बायकांनी बरोबर हेरली.

सुरुवात १८२९ मध्ये झाली. जॉर्जिया आणि आसपासच्या चेरोकी वगैरे मूलनिवासी जमातींना त्यांच्या जमिनीवरून उठवून मिसिसिपीच्या पलीकडे हाकलण्याचा घाट सरकारनं घातला होता. कॅथरीन बीचर या शिक्षिकेनं स्वतःचं नाव न घालता एक परिपत्रक काढलं: देशातल्या स्त्रियांनी याविरुद्ध काँग्रेसला अर्ज पाठवावेत. स्त्रियांची ही पहिली देशव्यापी अर्जमोहीम. ती हरली. १८३० मध्ये हकालपट्टीचा कायदा प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला आणि १८३८ मध्ये चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात हाकललं गेलं. वाटेत आणि छावण्यांत हजारो माणसं मेली. पण अर्ज कसा फिरवायचा, हे बायका शिकल्या होत्या.

तो फिरायचा असा. संघटना मजकुराचा छापील नमुना पाठवायची. खाली बहुधा दोन रकाने असत, एक पुरुष मतदारांसाठी आणि एक स्त्रियांसाठी. दोघी-दोघी मिळून तो घेऊन गल्लीतल्या दारोदार जायच्या. कुणी सही करायचं, कुणी दार आपटायचं, कुणी म्हणायचं नवऱ्याला विचारून सांगते. कागद भरला की त्याला दुसरा कागद चिकटवायचा, मग तिसरा. अशी लांबच लांब पट्टी तयार झाली की तिची घडी किंवा गुंडाळी करून आपल्या भागाच्या प्रतिनिधीकडे रवाना. त्यानं ती सभागृहात सादर करायची. एका सहीनं काही होत नव्हतं, पण प्रत्येक सहीमागे दारात उभं राहून केलेलं एक बोलणं होतं. गुलामगिरीबद्दल आयुष्यात कधी विचार न केलेल्या बाईला त्या दिवशी तो करावा लागायचा.

गुलामगिरीविरुद्ध

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत जवळजवळ चाळीस लाख माणसं गुलाम होती. शतकाच्या सुरुवातीला अनेकांना वाटत होतं की ही प्रथा आपोआप मरेल. पण १७९३ मध्ये कापसातली सरकी झटपट काढणारं यंत्र आलं, इंग्लंडच्या गिरण्यांची भूक वाढली, आणि दक्षिणेतली कापसाची शेती आणि गुलामांची किंमत दोन्ही चढत गेल्या. तेव्हाचे सभ्य सुधारक यावर उपाय सांगत तो म्हणजे मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवून द्यायचं. ज्यांच्या तीन-चार पिढ्या अमेरिकेत जन्मल्या त्यांना परक्या मुलखात धाडायचं! उत्तरेतल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी या कल्पनेला पहिल्यापासून कडाडून विरोध केला. बोस्टनला जुन्या कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या डेव्हिड वॉकर यांनी १८२९ मध्ये गुलामगिरीवर तुटून पडणारं एक जळजळीत पत्रक छापलं आणि खलाशांच्या हाती देऊन दक्षिणेच्या बंदरांत पोहोचवलं. गोऱ्या सुधारकांना जाग आली ती त्यानंतर. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १ जानेवारी १८३१ ला बोस्टनमध्ये 'द लिबरेटर' सुरू केलं. पहिल्याच अंकात त्यांनी लिहिलं की मी एक इंचही मागे हटणार नाही आणि माझं म्हणणं ऐकलं जाईलच. या साप्ताहिकाचे सुरुवातीचे बहुसंख्य वर्गणीदार कृष्णवर्णीय होते. त्यांच्या वर्गणीशिवाय ते पहिली काही वर्षं तगलंच नसतं.

दक्षिणेतले मळेवाले म्हणत, उत्तरेच्या लोकांना काय माहीत, आम्ही आमच्या गुलामांना पोटच्या पोरांसारखं सांभाळतो. याला जे उत्तर दिलं गेलं ते मला या चळवळीतलं सगळ्यात हुशारीचं काम वाटतं. थिओडोर वेल्ड, त्यांची पत्नी अँजेलिना ग्रिमके आणि तिची बहीण सारा ग्रिमके यांनी दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांचे जुने अंक गठ्ठ्यांनी मिळवले. ग्रिमके भगिनी चार्ल्सटनच्या, न्यायाधीशाच्या घरातल्या, स्वतः गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबात वाढलेल्या. कुठे काय सापडेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. महिनोन्‌महिने त्या अंकांतल्या जाहिराती कापत बसल्या. पळालेल्या गुलामाला शोधायचं तर त्याची खूण सांगावी लागते, आणि मालक ती खूण स्वतःच्या नावानिशी छापून देत. पाठीवर चाबकाचे वळ आहेत. पायात लोखंडी कडं आहे. कान कापलेला आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका मालकाची १८३८ ची जाहिरात अशी: एक बाई दोन मुलांसह पळाली आहे, पळण्याच्या थोडे दिवस आधी मी तिच्या डाव्या गालावर तापल्या लोखंडानं डागलं होतं, एम हे अक्षर काढायचा प्रयत्न केला होता.

यावर वेगळी टीका करायची गरजच नव्हती. मालकांची साक्ष मालकांच्याच शब्दांत १८३९ मध्ये पुस्तकरूपानं निघाली आणि वर्षभरात लाखभर प्रती खपल्या.

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये अर्जांचा पूर आला होता. राज्यांमधल्या गुलामगिरीत काँग्रेसला हात घालता येत नाही, असं तेव्हा मानलं जाई. पण राजधानीचा प्रदेश थेट काँग्रेसच्या अखत्यारीत होता आणि तिथेही माणसांची खरेदी-विक्री चालत होती. म्हणून अर्जांत मागणी असे की निदान राजधानीतली गुलामगिरी तरी बंद करा. दक्षिणेच्या प्रतिनिधींना हे सहन होईना. मे १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहानं ठराव केला की गुलामगिरीशी संबंधित कुठलाही अर्ज न वाचता, न छापता, चर्चा न करता परस्पर दप्तरी दाखल व्हावा. या तोंडबंदीच्या नियमाविरुद्ध एक म्हातारा माणूस आठ वर्षं लढला. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. ते स्वतः एकेकाळी राष्ट्राध्यक्ष होते, त्यांचे वडीलही राष्ट्राध्यक्ष होते. पद गेल्यावर घरी न बसता ते साधे प्रतिनिधी म्हणून निवडून आले होते. अ‍ॅडम्स कडवे गुलामगिरीविरोधक म्हणून ओळखले जात नव्हते. त्यांचा मुद्दा होता की अर्ज करण्याचा हक्क कुणाचाच हिरावता येणार नाही.

६ फेब्रुवारी १८३७ ला ते उभे राहिले आणि सभापतींना शांतपणे विचारलं, माझ्याकडे बावीस गुलामांनी केलेला अर्ज आहे, तो या नियमात बसतो का? सभागृहात हलकल्लोळ झाला. अ‍ॅडम्सना बडतर्फ करा, तो कागद जाळा, अशी ओरड सुरू झाली. निंदेचा ठराव आला, कित्येक दिवस वाद चालला. तेव्हा अ‍ॅडम्सनी सांगितलं की अर्जात काय मागितलंय हे कुणी विचारलंच नाही. त्या बावीस जणांनी गुलामगिरी संपवू नका असं म्हटलंय. दक्षिणेचे प्रतिनिधी आणखीच संतापले. शेवटी सभागृहानं जाहीर केलं की गुलामांना अर्ज करण्याचा हक्कच नाही.

या तोंडबंदीचा परिणाम उलटा झाला. उत्तरेत लाखो लोक असे होते ज्यांना गुलामांचं सोयरसुतक नव्हतं. पण आता त्यांच्या स्वतःच्या सहीचा कागद केराच्या टोपलीत जात होता. गुलामगिरी टिकवायची तर गोऱ्या माणसाचंही तोंड दाबावं लागतं, हे त्यांना प्रथमच दिसलं. अर्ज कमी होण्याऐवजी वाढले. डिसेंबर १८४४ मध्ये नियम रद्द झाला.

बाईनं बोलावं का?

अर्ज फिरवता फिरवता एक दुसराच प्रश्न उभा राहिला. ग्रिमके भगिनी सभांत बोलू लागल्या, आणि ऐकायला बायकांबरोबर पुरुषही येऊ लागले. १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या धर्मगुरूंनी जाहीर पत्र काढलं: वेलीनं आधाराला टेकून राहण्यातच तिची शोभा, ती वृक्ष होऊ पाहील तर फळही देणार नाही आणि धुळीत मिळेल. सारा ग्रिमके यांनी लेखी उत्तर दिलं. आम्ही मेहेरबानी मागत नाही, आमच्या मानेवरचा पाय तेवढा काढा, असा त्याचा आशय. पुढच्या फेब्रुवारीत अँजेलिना वीस हजार स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज घेऊन मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या समितीपुढे बोलल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळापुढे बोलणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मे महिन्यात फिलाडेल्फियात, लग्नाला दोन दिवस झालेले असताना, खिडक्यांवर दगड पडत असताना त्या तासाभराहून जास्त बोलत राहिल्या. सभा संपल्यावर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय बायका हातात हात घालून जमावातून बाहेर पडल्या. तीनच दिवसांपूर्वी उघडलेलं ते सभागृह, पेनसिल्व्हेनिया हॉल, दुसऱ्या रात्री जमावानं पेटवून दिलं. बंबवाल्यांनी पाणी मारलं ते शेजारच्या इमारतींवर.

१८४० मध्ये लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, तिथे अमेरिकेहून निवडून आलेल्या स्त्री प्रतिनिधींना मुख्य सभेत बसू दिलं नाही. गुलामांच्या हक्कांसाठी जमलेल्या सभेत बायकांना मात्र गप्प बसून ऐकायला लावलं. ल्युक्रिशिया मॉट आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांची ओळख तिथेच झाली. त्यातून पुढे १९ आणि २० जुलै १८४८ ला न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी स्त्री-हक्क परिषद झाली. तीनेकशे माणसं जमली. जाहीरनाम्याचा साचा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचाच, फक्त जुलमी राजाच्या जागी पुरुष. सगळे ठराव एकमतानं झाले, मताधिकाराचा सोडून. तो फार अति होतंय असं अनेक बायकांनाही वाटलं. तेव्हा फ्रेडरिक डग्लस त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि ठराव जेमतेम तरला. डग्लस दहा वर्षांपूर्वी खलाशाचा वेश आणि उसने कागद घेऊन मेरीलँडमधून निसटलेले गुलाम. आता रॉचेस्टरला स्वतःचं वर्तमानपत्र काढत होते. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. त्यांच्यातली शार्लट वुडवर्ड नावाची मुलगी हातमोजे शिवून कमाई करत होती. १९२० मध्ये देशभर स्त्रियांना मताधिकार मिळाला तेव्हा त्या सह्यांपैकी ती एकटीच हयात होती.

दारूबंदीच्या बाजूनंही वाट इथेच येऊन मिळाली. १८५२ मध्ये सुझन बी. अँथनी ऑल्बनीच्या दारूबंदी सभेत बोलायला उठल्या, तर त्यांना सांगण्यात आलं की भगिनींना इथे ऐकायला आणि शिकायला बोलावलंय. त्या तिथून बाहेर पडल्या. पुढे भर हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्याचे जिल्हे पालथे घालून त्यांनी विवाहित स्त्रियांच्या हक्कांसाठी सह्या जमवल्या. १८६० मध्ये त्या राज्यात विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला.

डोरोथिया डिक्स यांचं काम या सगळ्यापासून थोडं बाजूला. मार्च १८४१ मध्ये त्या बोस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात रविवारचा वर्ग घ्यायला गेल्या, आणि कैद्यांबरोबर कोंडलेल्या मनोरुग्ण बायका कडाक्याच्या थंडीत शेगडीशिवाय पडलेल्या त्यांना दिसल्या. वेड्यांना थंडी कळत नाही, असं तिथल्या माणसाचं म्हणणं. डिक्स दोन वर्षं राज्यातले तुरुंग आणि गरिबांना ठेवायची सरकारी घरं वहीत टिपत फिरल्या आणि १८४३ मध्ये विधिमंडळाला निवेदन दिलं. ते गावागावाची यादीच आहे. लिंकन नावाचं गाव: पिंजऱ्यात एक बाई. मेडफर्ड: एक मतिमंद साखळीला बांधलेला, एक जण सतरा वर्षं कोंदट कोठडीत. वर्षानुवर्षांच्या या पाठपुराव्यातून अनेक राज्यांत सरकारी मनोरुग्णालयं उभी राहिली. मात्र दक्षिणेतल्या राज्यांचं दार बंद होऊ नये म्हणून गुलामगिरीबद्दल त्या गप्प राहिल्या. या गप्प राहण्याची किंमत मला कमी वाटत नाही.

शाळा, ब्रेडपासून ब्रह्मचर्यापर्यंतचे आरोग्याचे पंथ, सामुदायिक जीवनाच्या वसाहती, लोवेलच्या गिरणीतल्या मुलींनी दहा तासांच्या दिवसासाठी केलेले अर्ज, हे सगळं त्याच वर्षांत चालू होतं. प्रत्येकावर वेगळा लेख होईल.

विजय आणि फूट

१८५० च्या पलायित गुलाम कायद्यानं उत्तरेतल्या माणसालाही गुलाम पकडायच्या कामाला जुंपलं. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यानं माणसाला गुलामगिरीत परत पाठवलं तर त्याला दहा डॉलर, सोडून दिलं तर पाच. कायद्यातच लिहिलं होतं. पुढे उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमध्ये यादवी युद्ध पेटलं. १ जानेवारी १८६३ ची लिंकन यांची मुक्तीची घोषणा फक्त बंडखोर भागापुरती होती. संपूर्ण देशातली गुलामगिरी जायची तर घटनादुरुस्ती हवी, म्हणून स्टँटन आणि अँथनी यांनी पुन्हा तेच जुनं हत्यार काढलं. समनर यांच्या मेजावर आलेली भेंडोळी त्या मोहिमेचा पहिला हप्ता होती. वर्षभरात सह्या चार लाखांच्या घरात गेल्या. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती पक्की झाली. तिच्यात एक अपवाद मात्र राहिला: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. त्या अपवादाच्या आडोशानं दक्षिणेत पुढे काय झालं हे फार भयंकर आहे. क्षुल्लक आरोपांवर कृष्णवर्णीयांना पकडून मळ्यांना, खाणींना, रेल्वेला मजूर म्हणून भाड्यानं दिलं जाऊ लागलं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या याच लोकांना. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाचं कौतुक म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांना सोडवताना तो कित्ता गिरवावा म्हणून. पुण्यात बसून फुल्यांनी त्या चळवळीचा गाभा नेमका ओळखला होता. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळ्यांनी साठाहून अधिक कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती. कायद्यानं दिलेलं स्वातंत्र्य बंदुकीनं परत घेण्याचं काम सुरू झालं होतं.

चळवळही तोवर फुटली होती. पंधराव्या घटनादुरुस्तीनं वर्णाच्या कारणावरून मत नाकारायला बंदी केली, स्त्री असण्याच्या कारणाबद्दल ती गप्प होती. मे १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत जुने सहकारी समोरासमोर आले. स्टँटन आणि अँथनी म्हणत, आम्हाला वगळून नको. डग्लस म्हणाले, बायका केवळ बायका आहेत म्हणून त्यांना घरातून ओढून दिव्याच्या खांबाला लटकवलं जाईल, तेव्हा त्यांची निकड आमच्याएवढी होईल. कुणीतरी विचारलं, कृष्णवर्णीय बाईच्या बाबतीत हे घडत नाही का? डग्लस म्हणाले, घडतं, पण ती बाई आहे म्हणून नव्हे, कृष्णवर्णीय आहे म्हणून. स्टँटन यांनी त्या काळात कृष्णवर्णीय आणि परदेशातून आलेल्या पुरुषांबद्दल जी हेटाळणीची भाषा वापरली ती वाचताना आजही मान खाली जाते. सेनेका फॉल्सला त्यांच्या ठरावाच्या मदतीला धावून आलेला माणूस कोण होता हे त्या कशा विसरल्या? स्त्री-मताधिकाराच्या दोन संघटना झाल्या आणि एकवीस वर्षं वेगळ्या राहिल्या.

या भांडणात कृष्णवर्णीय स्त्रीचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. कवयित्री फ्रान्सिस एलेन वॉटकिन्स हार्पर यांनी १८६६ मध्येच गोऱ्या भगिनींना तोंडावर सुनावलं होतं: तुम्ही इथे हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायांबद्दल बोलते.

दोन पाहुण्या, एक संघटना

१८७४ मध्ये क्लीव्हलंडला स्त्रियांची दारूबंदी संघटना स्थापन झाली आणि १८७९ पासून फ्रान्सिस विलर्ड तिच्या अध्यक्ष झाल्या. शाळा, तुरुंग, मताधिकार, सगळं त्यांनी दारूबंदीच्या छत्राखाली आणलं. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या. आनंदीबाईंचं ते स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयही १८५० मध्ये क्वेकर पंथीयांच्या पुढाकारानं निघालेलं, याच सुधारणेच्या लाटेचं अपत्य. रमाबाई थोड्या दिवसांसाठी आल्या होत्या, दोन वर्षांहून जास्त राहिल्या. विलर्ड आणि त्यांच्या संघटनेनं त्यांना देशभर व्यासपीठ दिलं. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघालं. गावोगावी मंडळं, दरवर्षी डॉलरभर वर्गणी, दहा वर्षांचा शब्द. अर्ज फिरवणाऱ्या बायकांच्या मुलीबाळींना ही पद्धत तोंडपाठ होती. त्या पैशातून मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. महर्षी कर्व्यांशी पुढे पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी. रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या स्त्रियांच्या संघटनांचं वर्णन त्यांनी फार आस्थेनं केलं आहे.

त्याच विलर्ड १८९० मध्ये एका मुलाखतीत म्हणाल्या की दक्षिणेतले कृष्णवर्णीय टोळधाडीसारखे वाढताहेत आणि दारूचा गुत्ता हे त्यांच्या सत्तेचं केंद्र आहे. दक्षिणेत लोकांना जमावानं पकडून फाशी देण्याचे, लिंचिंगचे दिवस होते ते. मार्च १८९२ मध्ये मेम्फिसला किराणा दुकान चालवणाऱ्या तिघा कृष्णवर्णीयांना असंच मारलं. पत्रकार आयडा बी. वेल्स त्यांना ओळखत होत्या. त्यांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा जमावानं त्यांच्या वर्तमानपत्राचं कार्यालय उद्ध्वस्त केलं. त्या गावाबाहेर होत्या म्हणून वाचल्या. पुढे त्यांनी जे केलं ते ग्रिमके भगिनींच्या वाटेनं जाणारं होतं: गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांत छापून आलेल्या लिंचिंगच्या बातम्या आणि आकडे एकत्र करून त्यांनी पुस्तिका काढल्या. १८९४ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यात त्यांनी विलर्ड यांची ती मुलाखत पुन्हा छापून आणली, तेव्हा विलर्ड तिथेच पाहुण्या म्हणून राहत होत्या आणि वेल्स यांच्यावरच खूप टीका झाली. रमाबाईंसाठी विलर्ड यांनी जे केलं ते खरं होतं, आणि वेल्स यांनी दाखवलं तेही खरं होतं. दोन्ही एकाच माणसात होतं हे मान्य केल्याशिवाय ही चळवळ समजत नाही.

जुलै १८९६ मध्ये वॉशिंग्टनला कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मेरी चर्च टेरेल अध्यक्ष झाल्या. वेल्स होत्या, गुलामगिरीतून निसटून इतरांनाही सोडवून आणणाऱ्या वयस्क हॅरिएट टबमन होत्या, आणि सत्तरी गाठलेल्या फ्रान्सिस हार्पर होत्या, ज्यांनी मधली कित्येक वर्षं विलर्ड यांच्याच संघटनेत कृष्णवर्णीयांमधलं काम सांभाळलं होतं. त्यांनी हाती घेतलेल्या विषयांत लिंचिंग होतं, रेल्वेतले वेगळे डबे होते, आणि कैद्यांना मजुरीसाठी भाड्यानं देण्याची ती पद्धतही होती.